राज्य बदलले, जगणे बदलले का?

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी धामणगाव मागे टाकते, वर्धा नदीवरचा पूल ओलांडते आणि काही मिनिटांतच पुलगावच्या स्थानकात शिरते. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा जिल्हा. प्रवाशाच्या लेखी हा फरक फलकावरच्या नावापुरता. परंतु हीच नदी कित्येक दशके दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांची सीमा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका काठावर निजामाचा वऱ्हाड आणि दुसऱ्या काठावर नागपूरकर भोसल्यांचा मुलूख होता. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. तरीही १९०३ पर्यंत हा पूल ओलांडणारा माणूस एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात असे.

त्यानंतरही पुलगावचा पत्ता बदलतच राहिला. मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. राजधानी आधी नागपूर होती, नंतर मुंबई झाली. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून ती सातशे किलोमीटरहून अधिक दूर गेली. गिरणीत काम करणाऱ्या कामगाराने किंवा कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्याने घर हलविले नाही, शेत बदलले नाही. बदलले ते राज्य. दोन राज्यांतील जीवनमानाची तुलना कशी करावी, हा प्रश्न पुलगावसारख्या गावात म्हणूनच केवळ आकडेमोडीचा राहत नाही.

तुलना नेमकी कशाची?

अमेरिकेत अशी तुलना करणे हा मध्यमवर्गीय कुटुंबांच्या नित्याच्या विचाराचा भाग आहे. कॅलिफोर्नियात पगार अधिक, पण घर महाग आणि राज्याचा प्राप्तिकरही मोठा. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, पण मालमत्ता कर जड. नोकरीच्या निमित्ताने तेथे गेलेली मराठी कुटुंबेही हा हिशेब मांडतात. मात्र पगार आणि कर यांच्या पलीकडचा फरक अधिक गंभीर असतो. २०२० मध्ये हवाई राज्यातील सरासरी आयुर्मान ८०.७ वर्षे होते, तर मिसिसिपीत ते ७१.९ वर्षे होते. एकाच देशात, एकाच राज्यघटनेखाली जन्मलेल्या दोन मुलांच्या आयुष्यात जवळपास नऊ वर्षांचे अंतर पडावे, ही गोष्ट केवळ उत्पन्नाच्या तक्त्यातून कळत नाही.

हीच उणीव लक्षात घेऊन पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधाराने १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षण मोजण्याची रीत त्यातून रूढ झाली. भारतात राज्य पातळीवरचा असा पहिला अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध केला तो मध्य प्रदेशाने. आपले मागासलेपण आकड्यांत मांडून दाखविण्याचे धाडस एका गरीब राज्याने आधी केले. तुलनेने श्रीमंत महाराष्ट्राचा अहवाल २००२ मध्ये आला.

पुलगावने जे राज्य सोडले आणि ज्या राज्यात ते आले, त्या दोघांची तुलना करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. १९५६ चा जुना मध्य प्रदेश आणि आजचा मध्य प्रदेश एक नव्हे. त्या वर्षी विदर्भ बाहेर पडला, तर मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ आत आले. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. त्यामुळे ‘मध्य प्रदेशात राहिलो असतो तर’ या प्रश्नाचे काटेकोर उत्तर मिळणे अशक्य आहे. परंतु दिशा मात्र कळू शकते.

महाराष्ट्र पुढे आहे तेथे

पहिल्या काही निकषांवर निकाल स्पष्ट आहे. २०२२-२३ मध्ये चालू किमतींनुसार महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न सुमारे अडीच लाख रुपये, तर मध्य प्रदेशाचे सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये होते. २०१४-१८ या काळातील सरासरी आयुर्मान महाराष्ट्रात ७२.५ वर्षे आणि मध्य प्रदेशात ६६.५ वर्षे, म्हणजे सहा वर्षांचा फरक. २०२० मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी वर्षाच्या आत दगावणाऱ्यांची संख्या महाराष्ट्रात १६, तर मध्य प्रदेशात ४३ होती. बाळंतपणाशी संबंधित कारणांनी होणारे मातामृत्यू २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ आणि मध्य प्रदेशात १७३ होते. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्याच्या मोजणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील ७.८ टक्के लोक गरीब ठरले, मध्य प्रदेशातील २०.६ टक्के.

हे अंतर लहान नाही. मातामृत्यूच्या आकड्यात पाचपटींचा फरक म्हणजे प्रसूतीच्या रात्री रुग्णवाहिका वेळेवर येणे, रक्तपेढी जवळ असणे, शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर जागेवर असणे यांतला फरक होय. या गोष्टी बहुतांशी शासनाने उभारलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतात आणि तेथे राज्य कोणते, याला महत्त्व आहे.

जुन्या प्रांताच्या अंतर्गत तुलनेतूनही असेच काही दिसते. इंग्रजी अमदानीत वर्धा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच नागपूर विभागात होते. १९५६ मध्ये वर्धा इकडे आले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८७ टक्के, तर बालाघाटची सुमारे ७७ टक्के नोंदली गेली. अर्थात याचे सारे श्रेय राज्याला देता येणार नाही. बालाघाट वनांचा आणि आदिवासी वस्तीचा जिल्हा, तर वर्धा हा दीडशे वर्षांहून अधिक काळ रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा कापसाचा जिल्हा आहे. पुन्हा त्याच जनगणनेत बालाघाटात दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या आणि वर्ध्यात ९४६. एका निकषावर पुढे असलेला जिल्हा दुसऱ्या निकषावर मागे असू शकतो, याचे हे पहिले उदाहरण.

श्रीमंती जेथे उपयोगी पडत नाही

खरा धक्का पुढच्या आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील मुलांपैकी वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण मध्य प्रदेशात ३५.७ टक्के होते. महाराष्ट्रात ते ३५.२ टक्के, म्हणजे जवळपास तितकेच. वयाच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण महाराष्ट्रात ३६.१ टक्के, मध्य प्रदेशात ३३ टक्के. येथे महाराष्ट्र चक्क मागे आहे. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि मध्य प्रदेशात ५४.७ टक्के. वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे प्रमाण अनुक्रमे २१.९ आणि २३.१ टक्के. २०११ मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात ८९४ होत्या, मध्य प्रदेशात ९१८.

दरडोई उत्पन्नात पावणेदोनपटींहून अधिक अंतर आणि कुपोषणात शून्य अंतर, हे कोडे कसे सुटते? याचे एक उत्तर असे की मूल जगविणे आणि मूल पोसणे ही दोन वेगळी कामे आहेत. लस, औषध, दवाखान्यातील प्रसूती यांच्या साह्याने बालमृत्यू कमी करता येतात. ते पैसा आणि व्यवस्था यांचे काम आहे. मुलाची वाढ मात्र आईच्या शरीरातच सुरू होते. अठराच्या आत लग्न झालेली, स्वतः रक्तक्षय असलेली, घरात सर्वांत शेवटी जेवणारी आणि गरोदरपणातही शेतात राबणारी आई असेल तर बाळ जन्मतःच कमी वजनाचे असते. पुढे आहारात डाळ, दूध, अंडी, भाजी यांची वाण आणि दूषित पाण्यामुळे वारंवार होणारे जुलाब यांनी ही तूट वाढत जाते. राज्याचे सकल उत्पन्न कितीही वाढले तरी ते स्वयंपाकघरातील वाटपापर्यंत आपोआप पोचत नाही.

हे अटळ नाही, याचा पुरावा केरळ देतो. केरळचे दरडोई उत्पन्न महाराष्ट्राच्या आसपासच आहे. पण त्याच पाहणीत तेथे उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २३.४ टक्के, रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे ३६.३ टक्के आणि अल्पवयीन विवाहांचे ६.३ टक्के आढळले. २०२० चा बालमृत्यूदर हजारी ६ होता. मुलींचे शिक्षण, गावोगावची आरोग्य केंद्रे आणि ग्रामपंचायतींच्या हाती दिलेला निधी यांवर अनेक दशके सातत्याने केलेल्या खर्चाचे हे फळ आहे. केरळलाही आपली दुखणी आहेत. शिकलेल्या तरुणांना पुरेसा रोजगार नसल्याने तेथील असंख्य कुटुंबे आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर चालतात. म्हणजे चांगले जगणे आणि चांगली नोकरी या दोन गोष्टी एकाच राज्यात मिळतीलच, याची हमी तेथेही नाही.

रुपयाची किंमत आणि सरासरीचा पूल

दोन राज्यांतील उत्पन्नांची तुलना करताना आणखी एक गफलत होते. रुपया सर्वत्र तोच असला तरी त्यात मिळणाऱ्या वस्तू सारख्या नसतात. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेली दारिद्र्यरेषा ग्रामीण मध्य प्रदेशात दरमहा दरडोई ७७१ रुपये होती, ग्रामीण महाराष्ट्रात ९६७ रुपये. शहरी भागासाठी हेच आकडे ८९७ आणि १,१२६ रुपये होते. अर्थ असा की, तितकेच किमान राहणीमान गाठायला महाराष्ट्रात सुमारे पाव हिस्सा अधिक पैसे लागत. पुलगावचा तरुण नोकरीसाठी पुणे आणि इंदूर यांच्यात निवड करू लागला तर पगाराच्या आकड्याआधी त्याने घरभाडे, प्रवासाचा वेळ आणि मुलांच्या शाळेचा खर्च मांडला पाहिजे, तो याचसाठी.

त्याहून मोठी गफलत सरासरीची. नदीची सरासरी खोली काढून कुटुंबाला पाण्यात उतरविणाऱ्या आणि सगळ्यांना बुडवून बसणाऱ्या हिशेबनिसाची गोष्ट विदर्भात आजही सांगितली जाते. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न ही अशीच सरासरी आहे. तिच्यात मुंबई, ठाणे, पुणे आहेत आणि गडचिरोली, नंदुरबार, वाशीमही आहेत. दोन राज्यांमधील अंतरापेक्षा एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांमधील अंतर कित्येकदा मोठे असते.

हे अंतर राज्यनिर्मितीच्या वेळीच ठाऊक होते. सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नोकऱ्या देण्याचे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने मध्य प्रदेशातील मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य करावे, अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला आणि त्यातील सुमारे १,२४७ कोटी एकट्या विदर्भाचे होते. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. सहा दशकांत मोजमाप अनेकदा झाले. मोजलेली तूट भरून काढण्याची इच्छा मात्र त्या प्रमाणात दिसली नाही.

कोणत्याही निर्देशांकात न बसणारे

पुलगावकडे पाहताना काही गोष्टी तक्त्याबाहेरच राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सूत आणि कापडाची गिरणी उभी राहिली. भोंग्यावर चालणारे हे गाव होते. गिरणी बंद पडली, तेव्हा जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नात त्याचा ओरखडाही दिसला नसेल. पण पगाराच्या दिवशी भरणारा बाजार, उधारी देणारा किराणा दुकानदार, गिरणीच्या भरवशावर मुलीचे लग्न ठरविणारा बाप यांचे जगणे बदलून गेले. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद मार्गाची छोटी गाडीही थांबली.

गावालगतचे केंद्रीय दारूगोळा भांडार देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. त्याने रोजगार दिला, तशी धास्तीही दिली. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे लागलेल्या भीषण आगीत सैनिक आणि अग्निशमन कर्मचारी मिळून किमान सोळा जणांचा बळी गेला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण दगावले. त्यांत परिसरातील रोजंदारी मजूर होते. जिवावरची मजुरी पत्करावी लागणे हे जीवनमानाचे किती टोकदार माप आहे! परंतु रोजगाराच्या आकडेवारीत तो मजूर ‘कामावर असलेला’ असाच नोंदला जातो.

शेतीचेही तसेच. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत नदीअलीकडचा अमरावती जिल्हा होता आणि पलीकडचा वर्धाही. साक्षरतेत राज्याच्या सरासरीहून पुढे असलेला जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या यादीतही असावा, हे वास्तव एका क्रमांकात कसे मावणार?

दुसऱ्या बाजूला काही जमेच्या बाबीही राज्याच्या खात्यावर मांडता येत नाहीत. पुलगावपासून तीसेक किलोमीटरवर वर्धा, त्याला लागून सेवाग्राम. तेथे १९६९ मध्ये देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सावंगीला आणखी एक आहे. तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीतील रुग्णाला तासाभराच्या अंतरावर दोन वैद्यकीय महाविद्यालये मिळावीत, असे भाग्य महाराष्ट्रातील फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले नसते तर सेवाग्रामचे महाविद्यालय तेथे उभे राहिले असते का, हा प्रश्न कोणत्याही सीमारेषेशी निगडित नाही. संस्था टिकून राहिली की ती सरकारे आणि राज्ये बदलली तरी उपयोगी पडते.

लहान राज्य हे उत्तर आहे का?

विदर्भाच्या मागणीच्या संदर्भात हा प्रश्न वारंवार निघतो. नोव्हेंबर २००० मध्ये जन्मलेल्या तीन राज्यांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. नीती आयोगाच्या २०१९-२१ च्या मोजणीत बहुआयामी गरिबांचे प्रमाण उत्तराखंडात ९.७ टक्के, छत्तीसगडात १६.४ टक्के आणि झारखंडात २८.८ टक्के आढळले. तिन्ही राज्ये एकाच महिन्यात जन्मली, तिन्हींची राजधानी जवळ आली. तरी वाटचाल तीन प्रकारची झाली. यांच्या आरंभीच्या परिस्थितीत फरक होता, हे खरे. परंतु राज्याचा आकार लहान झाल्याने कारभार आपोआप सुधारतो, असे म्हणायला हे आकडे आधार देत नाहीत. तसेच मोठे आणि श्रीमंत राज्य आपल्या दूरच्या जिल्ह्यांची काळजी घेतेच, असे म्हणायला महाराष्ट्राचा अनुभव आधार देत नाही.

सीमा बदलल्याने काय साधते, याचे अधिक जुने उत्तर वर्धेच्याच दोन काठांवर सापडते. वऱ्हाडात रयतवारी होती. शेतकरी सारा थेट सरकारला देई. पुलगावच्या बाजूला मालगुजारी होती. सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये मालगुजार उभा असे. माती तीच, कापूस तोच, पाऊस तोच. पण जमिनीवरचा हक्क वेगळा. १९०३ मध्ये दोन्ही काठ एकाच प्रशासनाखाली आले, तरी हा फरक गेला नाही. तो गेला मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० मध्ये होऊन १९५१ मध्ये अमलात आला तेव्हा. नकाशावरची रेघ पुसल्याने जे झाले नाही, ते एका कायद्याने केले.

पुलगावच्या नागरिकाने दोन राज्यांची तुलना जरूर करावी. पण ‘कोणते राज्य पुढे’ एवढ्यावर थांबू नये. प्रसूतीसाठी दवाखाना किती लांब आहे, नळाला शुद्ध पाणी किती वेळ येते, दहावीनंतर मुलगी शिकते की तिचे लग्न ठरते, अंगणवाडीतल्या मुलाचे वजन दरमहा खरोखर घेतले जाते का आणि गिरणी गेल्यावर तिच्या जागी दुसरे काय आले, हे प्रश्न नदीच्या दोन्ही काठांवर सारखेच आहेत. त्यांची उत्तरे मागण्यासाठी राज्य बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. राजधानी कितीही दूर गेली तरी नगरपालिका, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांची कार्यालये जवळच आहेत.